नाताळची कार्डं आली कुठून?

भुसावळला रेल्वे क्वार्टरमधे आमच्या शेजारी एक ख्रिश्चन कुटुंब होतं. डिसेंबर लागला की आंटी पुढच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळी बांधायच्या आणि पोस्टानं आलेलं एकेक कार्ड घडीवर अडकवायच्या, कुठलं नवापूरचं, कुठलं जबलपूरचं, पंख्याची हवा लागून खाली पडलं की आम्ही पोरं पळत जाऊन परत लावायचो. म्हणून हे सगळं सुरू कसं झालं ते बघावंसं वाटलं.

तर मूळ आहे पोस्टाच्या दरात. इंग्लंडमधे आधी पत्राचे पैसे अंतरावर लागायचे आणि बहुतेक वेळा ज्याला पत्र आलं त्यालाच द्यावे लागायचे. टपालात सुधारणा मागणाऱ्या रोलंड हिलनं हे बदलायचं लावून धरलं आणि १८४० पासून देशात कुठंही एका पेनीत पत्र जायला लागलं. (आपल्याकडे असा एकच दर १८५४ ला आला, पाव तोळ्याला अर्धा आणा, मग मुंबई काय नि खानदेश काय.) पत्रं एवढी वाढली की हिलसोबत काम केलेल्या हेन्री कोललाच नाताळात उत्तरं लिहायला वेळ पुरेना, मग १८४३ ला त्यानं जॉन हॉर्सली नावाच्या चित्रकाराकडून कार्ड काढून घेतलं आणि साधारण हजार प्रती छापल्या. मधे सगळं घर वाइनचे ग्लास घेऊन बसलंय, दोन्ही बाजूंना गरिबांना जेवण आणि कपडे देतायत. लहान मुलीच्या तोंडालाही ग्लास लावलेला, त्यावरून दारूविरोधी लोक खूप चिडले. मला तर त्या बाजूच्या दोन चित्रांसाठीच ते कार्ड आवडतं.

पण किंमत एक शिलिंग, म्हणजे बारा पेनी, साध्या माणसाला कुठून परवडणार? रंगीत छपाई स्वस्त झाली, १८७० ला अर्ध्या पेनीत कार्ड जायला लागलं, तेव्हा कुठे ते घरोघरी पोचलं. अमेरिकेत १८७५ च्या सुमारास बोस्टनच्या लुई प्रँगनं सुरुवात केली. कार्डांवर लाल छातीचा रॉबिन पक्षी दिसतो ना, त्याचं कारण असं सांगतात की इंग्लंडमधले पोस्टमन लाल कोट घालायचे आणि लोक त्यांनाच रॉबिन म्हणायचे.

आपल्याकडे पाकीट न चिकटवता, फ्लॅप आत खोचून वर 'बुक पोस्ट' लिहायचं म्हणजे तिकीट कमी लागायचं, दिवाळीची कार्डंही आम्ही तशीच टाकायचो. आंटींना आमचं दिवाळीचं कार्ड गेलं की नाताळला त्यांचं यायचंच, शेजारीच राहायचो तरी पोस्टानं.