पाच नॅनोग्रॅमचा घोळ

‘अमेरिकेने गांजा कायदेशीर केला’ हे वाक्य आपल्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर दर काही महिन्यांनी फिरून येतं. कुणाला त्यात आपल्या संस्कृतीचा विजय दिसतो, कुणाला कलियुगाचा पुरावा. मुळात अमेरिकेने असं काही केलेलंच नाही. १९७० च्या केंद्रीय कायद्याने गांजाला हेरॉइनच्या पंक्तीत बसवलं आणि मौजेखातर ओढला जाणारा गांजा केंद्राच्या लेखी अजूनही बेकायदाच आहे. मोकळीक दिली ती राज्यांनी, तीही एकेक करून आणि बऱ्याच ठिकाणी थेट जनतेच्या मतदानाने. नोव्हेंबर २०१२ मध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टनने सुरुवात केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ओहायोने कौल दिला तेव्हा अशी २४ राज्यं झाली. पुढच्याच वर्षी फ्लोरिडात निम्म्याहून जास्त मतं बाजूने पडूनही प्रस्ताव आपटला, कारण तिथे राज्यघटना बदलायला ६० टक्के मतं लागतात.

राजकारण इथेच सोडतो. माझं लक्ष अडकलंय ते या कायद्यांतल्या एका कलमात. वॉशिंग्टनमध्ये गाडी चालवल्यापासून दोन तासांच्या आत चालकाच्या एक मिलिलिटर रक्तात ५ नॅनोग्रॅम (एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग) टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा मुख्य रेणू, सापडलं, की तो नशेत होता असं धरलं जातं. कोलोरॅडोतही आकडा ५ चाच, पण तिथे चालकाला आपली बाजू मांडून ‘नशेत होता’ हा समज खोडता येतो. ओहायोत आकडा २. कॅलिफोर्नियात आकडाच नाही. रेणू एक, मेंदू सगळीकडे सारखाच, मग राज्याची हद्द ओलांडली की मर्यादा का बदलावी?

कारण हा आकडा दारूवरून उसना घेतलाय, आणि दारू हा फार सरळ स्वभावाचा पदार्थ आहे. इथेनॉल पाण्यात सहज मिसळतं. शरीरात पाणीच जास्त, त्यामुळे ते सगळीकडे बऱ्यापैकी सारखं पसरतं. रक्तात जेवढं, त्याच प्रमाणात मेंदूत आणि त्याच प्रमाणात फुप्फुसातल्या हवेत. म्हणून तर नाक्यावर यंत्रात फुंकर मारून काम भागतं. शिवाय यकृत ते तासाला जवळजवळ ठरावीक वेगाने संपवतं, त्यामुळे दोन तासांपूर्वी रक्तात किती असेल याचा हिशोब उलटा मांडता येतो. आपल्याकडे मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे मिलिलिटरला ३ लाख नॅनोग्रॅम. त्याच्याशेजारी ५ नॅनोग्रॅम ठेवून पाहा. साठ हजारावा हिस्सा! आपण काय शोधायला निघालोय याचा यावरून अंदाज यावा.

टीएचसीचं पाण्याशी जमत नाही. त्याला चरबी हवी. ओढल्यावर ते फुप्फुसातून सरळ रक्तात येतं आणि रक्तातलं प्रमाण काही मिनिटांतच, अनेकदा सिगारेट संपायच्या आधीच, शिखर गाठतं. मग ते कोसळतं. तासाभरात शिखराच्या मानाने अगदी थोडं उरतं. पण म्हणून शरीराने ते संपवलं असं नाही. त्यातलं काही यकृतात मोडतं, पण बरंचसं रक्त सोडून मेंदूत, स्नायूंत आणि शेवटी चरबीत शिरलेलं असतं. म्हणजे रक्तातला आकडा घसरत असताना नशा मात्र चढत असते.

हे आलेखावर काढलं तर मजा दिसते. आडव्या अक्षावर रक्तातलं प्रमाण घ्या, उभ्यावर परिणाम. दारूचे बिंदू साधारण एका रेषेच्या आसपास राहतात. टीएचसीची रेघ आधी उजवीकडे पळते, म्हणजे प्रमाण भरपूर आणि परिणाम अजून कमी. मग ती वर वळते आणि वरच्या वर डावीकडे परतते, म्हणजे प्रमाण कमी आणि परिणाम जोरात. घड्याळाच्या उलट दिशेने एक फास तयार होतो. औषधशास्त्रात याला हिस्टेरेसिस म्हणतात. आता या आलेखावर ५ नॅनोग्रॅमची उभी रेघ मारा. ती फासाला दोनदा छेदते, एकदा खाली आणि एकदा वर. आकडा तोच, माणसाच्या अवस्था दोन. रक्ताचा नमुना यातला कुठला बिंदू पकडतोय हे नुसत्या नमुन्यावरून कळायला मार्ग नाही. त्यात अपघात, पंचनामा, न्यायाधीशाची परवानगी, दवाखाना एवढं सगळं होईपर्यंत दीड-दोन तास सहज जातात. तोवर अधूनमधून ओढणाऱ्याचं रक्त मर्यादेच्या खाली आलेलंही असतं.

रोज ओढणाऱ्याची गोष्ट याच्या बरोबर उलटी. आमटी ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात जशी हळद मुरते, तसं टीएचसी त्याच्या चरबीत मुरलेलं असतं आणि तिथून हळूहळू, थेंबाथेंबाने रक्तात परतत राहतं. बाहेर पडण्याचा सगळा वेग या परतण्याच्या वेगावर ठरतो. वर्षानुवर्षं रोज ओढणाऱ्या काही लोकांना देखरेखीखाली गांजापासून पूर्ण लांब ठेवलं, तरी त्यांच्या रक्तात महिनाभरानंतरही टीएचसीचा माग सापडलाय. २०११ मध्ये, कोलोरॅडोत ही मर्यादा नुसती चर्चेत असताना, डेन्व्हरच्या एका साप्ताहिकाच्या गांजा-समीक्षकाने (हो, असंही पद असतं) रात्रीची झोप काढून, सुमारे १५ तास काही न ओढता रक्त तपासून घेतलं. आकडा आला १३.५. डॉक्टरांच्या मते गडी शुद्धीत होता.

लघवीच्या तपासणीचं तर विचारूच नका. तिथे बहुधा टीएचसी नव्हे, त्याचा नशा न आणणारा अवशेष शोधतात, आणि तो आठवडे टिकतो. यावरच ‘डिटॉक्स’ पेयांचा धंदा चालतो. लिंबूपाणी, घाम, कसलीशी हिरवी पावडर. जे टीएचसी चरबीत मुरलंय, ते पाणी पिऊन कसं धुतलं जाणार? फार तर लघवी पातळ होते. गांजाच्या तेलाने कर्करोग बरा होतो म्हणणारेही याच दुकानात सापडतात.

खाण्याच्या प्रकारात घोळ आणखी वाढतो. पोटातून आलेलं टीएचसी आधी यकृतात जातं आणि तिथे त्याचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं. हे रूपही नशा आणतंच. परिणाम दिसायला अर्धा ते दोन तास लागतात. होळीला ‘काहीच चढत नाही’ म्हणून भांगेचा दुसरा पेला घेणाऱ्यांना याचा पुढचा भाग सांगायला नको. कोलोरॅडोने खाण्याच्या पदार्थांत एका भागाला १० मिलिग्रॅम टीएचसीची मर्यादा घातली. पण गांजा खाल्लेल्या माणसाच्या रक्तात टीएचसी ५ च्या वर जाईलच असं नाही, गाडी मात्र तो दुभाजकावर घालू शकतो.

गैरसमज नको. गांजा ओढून गाडी चालवणं निर्धोक आहे असं मी म्हणत नाहीये. टीएचसी पेशींवरच्या ज्या सीबी-१ ग्राहींना (रेणू पकडणाऱ्या जागांना) चिकटतं, ते मेंदूच्या तोल आणि हालचाल सांभाळणाऱ्या भागात, अनुमस्तिष्कात, खच्चून भरलेले आहेत. प्रतिसाद मंदावतो, गाडी लेनमध्ये डुलते, वेळेचा अंदाज चुकतो. धोका खरा आहे, फक्त हा आकडा तो मोजत नाही. अमेरिकेतल्या वाहनचालकांच्या एएए या मोठ्या संघटनेच्या संशोधन संस्थेनेही २०१६ मध्ये या मर्यादांना शास्त्रीय आधार नसल्याचं सांगितलं. मिशिगनने नेमलेल्या समितीने तर २०१९ मध्ये आकडा ठरवूच नका, असं सुचवलं.

मग पोलिसांनी मोजायचं काय? कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये एनआयएसटी या केंद्रीय मापन संस्थेच्या संशोधकांनी श्वासाचा रस्ता धरला. केंद्राच्या कायद्यामुळे त्यांना गांजा द्यायची सोय नाही, म्हणून १८ स्वयंसेवकांनी तो दुकानातून आपापला घेतला, घरी ओढला आणि दाराशी उभ्या असलेल्या गाडीत येऊन नळीत फुंकर मारली. २०२३ मध्ये निकाल आला. ओढण्याआधीच्या आणि ओढल्यानंतर तासाभराच्या श्वासातले आकडे एकमेकांत पार मिसळलेले. एका फुंकरीवरून ताजं आणि जुनं वेगळं करता येईना. आता प्रयत्न चाललाय तो थोड्या अंतराने दोन फुंकरा घेण्याचा. नुकताच ओढला असेल तर दुसऱ्या फुंकरीत प्रमाण झपाट्याने उतरलेलं दिसायला हवं. चरबीतून झिरपणारं असेल तर ते जवळपास तेवढंच राहायला हवं. म्हणजे मोजायचा तो आकडा नाही, उतार.