मिठाच्या पोटातलं तेलाचं पेव

जून 2022 मध्ये अमेरिकेत पेट्रोलचा सरासरी भाव गॅलनला, म्हणजे सुमारे पावणेचार लिटरला, 5 डॉलरच्या वर गेला. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर तो झपाट्याने चढला होता. जॉर्जिया आणि मेरीलँड या राज्यांनी मार्चमध्येच आपापला पेट्रोल-कर काही काळ थांबवला होता. गॅलनमागे 18.4 सेंटचा केंद्रीय करही तीन महिने थांबवा, असं राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी जूनमध्ये संसदेला सांगितलं. संसदेने ऐकलं नाही. पण जमिनीखालचा तेलसाठा उघडणं त्यांच्या हातात होतं, आणि ते त्यांनी मार्चअखेरीसच जाहीर केलं होतं. रोज 10 लाख पिंपं, सहा महिने.

आपल्याकडे दुष्काळाची सोय म्हणून जमिनीत पेव खणून धान्य भरून ठेवत. अमेरिकेचं हे पेव मिठात आहे. 1973 च्या अरब तेलबंदीनंतर पंपांवर रांगा लागल्या, आणि 1975 मध्ये कायदा होऊन हा साठा ठरला. जागा निवडली टेक्सास आणि लुइझियानाच्या किनाऱ्याची. प्राचीन समुद्र आटून उरलेलं मीठ तिथे गाळाखाली गाडलं गेलं आहे. ते भोवतालच्या खडकापेक्षा हलकं, शिवाय प्रचंड दाबाखाली मळलेल्या कणकेसारखं हळूहळू सरकणारं. लाखो वर्षं वर चढत त्याचे अवाढव्य खांब झाले आहेत.

या खांबात गुहा करायला कुदळ लागत नाही. भोक पाडायचं, पाणी सोडायचं, मीठ विरघळलं की खारं पाणी उपसायचं. एक पिंप जागा व्हायला साधारण सात पिंपं पाणी लागतं. अशा एका गुहेचा व्यास सुमारे 60 मीटर, उंची 700 मीटरहून जास्त, आणि तीत 1 कोटी पिंपांच्या आसपास तेल मावतं. तेलात मीठ विरघळत नाही. भिंतीला तडा गेलाच, तर दाबाखालचं मीठ सरकून तो स्वतःच बुजवतं! साठवणीसाठी इतकी सोयीची जागा मला दुसरी माहीत नाही.

तेल काढताना तळाशी पाणी सोडतात, आणि हलकं तेल वर येतं. मात्र ते पाणी भिंतीचं मीठही खातं, म्हणून दर उपशाला गुहा थोडी रुंदावते. हे पेव हवं तितक्यांदा उपसता येत नाही, ते यामुळे.

रोजची 10 लाख पिंपं म्हणजे जगाच्या खपाचा जेमतेम एक टक्का. तरी भाव हलतो, कारण पेट्रोल महागलं म्हणून उद्याचं कामावर जाणं कुणाला टाळता येत नाही. मागणी जागची ढळत नसली की पुरवठ्यातला एवढासा फरकही मोठा ठरतो. मित्रदेशांनी सोडलेलं तेल धरून गॅलनमागे 17 ते 42 सेंट वाचले, असा अमेरिकी अर्थखात्याचा अंदाज होता. रोज गाडी चालवणाऱ्या कुटुंबाला हा दिलासा खराच. पण पेवात कच्चं तेल असतं. रिफायनऱ्या आधीच भरून चालत असतील तर ते पंपापर्यंत पोचायला वाट अरुंद होते. आणि 2023 पर्यंत साठा सुमारे 35 कोटी पिंपांवर आला, 1983 नंतरचा सर्वांत कमी. खऱ्या तुटवड्यासाठी राखलेलं भावासाठी किती काढावं, याची मला काळजी वाटते.

भारताची पेवं विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पाडूरला, कठीण खडकात आहेत. तिथे तेलाला भोवतालच्या भूजलाचा दाब अडवून धरतो. नोव्हेंबर 2021 मध्ये भाव उतरावेत म्हणून त्यांतून 50 लाख पिंपं सोडायचं भारतानेही जाहीर केलं. देशाचा एका दिवसाचा खप साधारण तेवढाच आहे.