प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये मेथडची वेगळी प्रत नसते

एका क्लासपासून, म्हणजे साच्यापासून, हजार ऑब्जेक्ट (त्या साच्यातून घडलेल्या वस्तू) तयार केले की त्यातील प्रत्येक मेथडच्याही (क्लासमध्ये लिहिलेल्या फंक्शनच्याही) हजार प्रती मेमरीत तयार होतात, असे नवशिक्यांना अनेकदा सांगितले जाते. हे खरे नाही. पायथन आणि जावा या दोन्ही भाषांत मेथडचा कोड क्लासपाशी एकदाच ठेवलेला असतो; ऑब्जेक्टागणिक वेगळा असतो तो डेटा, उदाहरणार्थ बँक खात्यातील शिल्लक.

मग ‘सुमनचे_खाते.जमा(५००)’ असे लिहिल्यावर नेमक्या त्याच खात्यात पैसे कसे जातात? पायथनला ‘जमा’ हे फंक्शन ‘खाते’ या क्लासमध्ये सापडते आणि टिंबाच्या डावीकडचे ऑब्जेक्ट तो स्वतःहून त्या फंक्शनला पहिले आर्ग्युमेंट (फंक्शनला पुरवलेले मूल्य) म्हणून देतो, म्हणूनच ‘खाते.जमा(सुमनचे_खाते, ५००)’ असे लिहिले तरी परिणाम तोच होतो. मेथड लिहिताना दोन पॅरामीटर (ती मूल्ये स्वीकारणारी नावे) आणि वापरताना कंसात एकच आर्ग्युमेंट का, हे अनेकांना छळणारे कोडे इथेच सुटते, आणि माझ्या मते शिकवण्याची सुरुवातच इथून व्हायला हवी. त्या पहिल्या पॅरामीटरचे ‘सेल्फ’ हे नावही पायथनमधला राखीव शब्द नसून सर्वांनी पाळलेला संकेत आहे.

जावास्क्रिप्टमध्ये मात्र कन्स्ट्रक्टरच्या (ऑब्जेक्ट तयार करणाऱ्या फंक्शनच्या) आत ‘धिस’वर, म्हणजे तयार होत असलेल्या ऑब्जेक्टवर, नवे फंक्शन नेमले, तर प्रत्येक ऑब्जेक्टला खरोखरच वेगळे फंक्शन मिळते.