आतड्यातले जिवाणू आणि लठ्ठपणा: हा विचार आला कुठून?

२०२३ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे आले, तेव्हा मधुमेहात गोवा सगळ्या राज्यांच्या वर होता. देशाची सरासरी ११.४ टक्के, गोव्याची २६.४. त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इथल्या सुमारे ३६ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले होते. गावात यावर एकच निदान ऐकू येते: जिभेवर ताबा नाही. मोजून जेवणाऱ्या माझ्या मावशीला हे आयुष्यभर ऐकावे लागले. ते निदान अपुरे आहे, हे प्रयोगशाळांतून पुढे यायला मात्र बराच काळ गेला.

आतड्यातल्या जिवाणूंकडे आरोग्याच्या अंगाने पाहणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले इल्या मेचनिकॉव्ह ठळक होते. १९०८ चे नोबेल त्यांना रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी मिळाले, पण आंबवलेल्या दुधाने आयुष्य वाढते असे ते हिरिरीने सांगत. वजनाशी संबंध असावा याची खूण मिळाली ती गोठ्यात. १९५० च्या सुमारास अमेरिकेत कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात प्रतिजैविके अगदी थोडी मिसळली, तर जनावरे लवकर भरतात हे लक्षात आले. धंदा वाढला. जिवाणू मारणाऱ्या औषधाने वजन का वाढावे, हा प्रश्न मात्र मागे पडला.

तो जोरात पुढे आला २००४ मध्ये. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या चमूने पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांना साध्या उंदरांच्या आतड्यातले जिवाणू दिले. चौदा दिवसांत त्यांची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली, आणि तीही खाणे कमी झालेले असताना! अन्नातले आपल्याला न पचणारे तंतू (फायबर) जिवाणू आंबवतात, त्यातून निघणारी लघुसाखळी मेदाम्ले शरीर इंधन म्हणून वापरते. शिवाय चरबी साठवण्याच्या यंत्रणेवरही जिवाणूंचा हात असतो.

२०१३ चा प्रयोग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. एक बहीण लठ्ठ आणि एक सडपातळ, अशा जुळ्या बहिणींच्या विष्ठेतले जिवाणू निर्जंतुक उंदरांत सोडले. लठ्ठ बहिणीचे जिवाणू मिळालेले उंदीर जास्त चरबी धरू लागले. मग दोन्ही प्रकारचे उंदीर एका पिंजऱ्यात ठेवले. उंदीर एकमेकांची लीद खातात, त्यामुळे सडपातळ बाजूचे जिवाणू पलीकडे गेले आणि चरबी वाढणे थांबले. पण हे घडले कमी स्निग्ध, भरपूर तंतूंच्या खाद्यावर. खाद्यात स्निग्धांश वाढवून भाज्या-फळे कमी केल्यावर त्या जिवाणूंना तिथे पाय रोवता आले नाहीत.

माणसात गोष्ट इतकी सरळ नाही. २०१२ मध्ये नेदरलँड्समध्ये सडपातळ दात्यांचे जिवाणू चयापचय बिघडलेल्या पुरुषांना दिले. सहा आठवड्यांनी इन्शुलिन बरे काम करू लागले, वजन मात्र हलले नाही. लठ्ठ माणसांत जिवाणूंच्या दोन मोठ्या गटांचे प्रमाण बदललेले असते, हा सुरुवातीचा गाजलेला निष्कर्षही पुढच्या अभ्यासांत सगळीकडे टिकला नाही. तरीही आज आतडे तपासून वजनाचे भाकीत विकले जाते, याचा मला राग येतो.

तंतूंचे महत्त्व मात्र टिकून आहे. ते मिळाले नाहीत, तर काही जिवाणू आतड्याच्या अस्तरावरचा श्लेष्मा, म्हणजे बुळबुळीत थर, खाऊ लागतात, हे उंदरांत दिसले आहे. आमच्याकडे शेतात दहाला पेज असे: उकड्या तांदळाची, सोबत कधी कुळीथ, कधी खारातली कैरी. नाचणीचे तिझण, म्हणजे पातळ खीर, घरोघर होई. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, टोपलीत कोंड्याची पोय (गोल पाव) असे. शिजवून गार झालेल्या शितातल्या पिष्टाचा (स्टार्चचा) थोडा भाग लहान आतड्यात पचत नाही. तो खाली मोठ्या आतड्यात जातो आणि तिथल्या जिवाणूंचे जेवण होतो.