रस्त्यावरचे मीठ आणि मोटारसायकलचा गंज : पार्श्वभूमी

हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ पसरण्याचे पद्धतशीर प्रयोग अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात १९३८ साली सुरू झाले. १९४१-४२ च्या हिवाळ्यात त्या देशातील महामार्गांवर मिळून सुमारे ५,००० टन मीठ पडले. युद्धानंतर, बर्फ कितीही पडला तरी डांबर उघडे राहिलेच पाहिजे, हे धोरण रूढ झाले आणि मिठाचा वापर अनेक पटींनी वाढला.

त्याची झळ आधी मोटारींना लागली आणि १९७०-८० च्या दशकांत जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे व विद्युत-लेपनाने दिलेला प्राथमिक रंग यांनी ती बरीच कमीही झाली. मोटारसायकलला या सुधारणेचा फायदा फारसा मिळाला नाही, कारण तिथे यंत्रणा झाकणारा पत्राच नसतो. पुढच्या चाकाने उडवलेले खारे पाणी थेट इंजिन, सायलेन्सरचे पाइप, रेडिएटर आणि चेन यांवर येते. ड्रम ब्रेक जाऊन डिस्क आल्यावर कॅलिपरचे (डिस्कला चिमटीत धरणाऱ्या भागाचे) पिस्टनही उघड्यावर आले. ॲल्युमिनियमच्या इंजिन-केसिंगमध्ये जस्त चढवलेले बोल्ट असतात तेव्हा निदान आधी जस्त झिजते. मात्र गंजलेले बोल्ट काढून हौसेने चकचकीत स्टेनलेस बोल्ट बसवले, की खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमच खाल्ले जाऊ लागते आणि त्याच्या पांढऱ्या भुकटीत बोल्ट जाम होतो.

खरा वाद मात्र १९९० च्या दशकातील एका बदलाचा आहे. त्या काळात अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ राज्यांनी कोरड्या मिठाबरोबर, आणि अनेक ठिकाणी त्याच्याऐवजी, मॅग्नेशियम क्लोराइड या दुसऱ्या क्षाराचा द्राव फवारण्यास सुरुवात केली. कारणे सबळ होती. साध्या मिठाचा द्राव फार तर उणे २१ अंश सेल्सियसपर्यंत गोठत नाही, तर मॅग्नेशियम क्लोराइडचा उणे ३३ अंशांच्या आसपास तग धरतो. द्राव वाऱ्याने वा चाकांनी उडून वायाही जात नाही. शिवाय खरेदीच्या अटींत गंजरोधक मिसळणे सक्तीचे करून, हे द्रव्य साध्या मिठापेक्षा किमान ७० टक्के कमी गंजकारक असावे, असा निकषही घालण्यात आला.

हा निकष ज्या चाचणीवर उभा होता, तीत पोलादाचे वॉशर दर तासाला दहा मिनिटे द्रावात बुडवून पन्नास मिनिटे बाहेर ठेवत आणि असे ७२ तास चाले. मोटारसायकल अशी बुडवली जात नाही. तिच्यावर पातळ थर बसतो, तो वाळतो आणि हवेतील ओल शोषून पुन्हा पाझरतो. साधे मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली तरच ओले होते; मॅग्नेशियम क्लोराइडला ३३ टक्के पुरतात. म्हणजे ज्या दिवशी साधे मीठ कोरडे, जवळजवळ निरुपद्रवी असते, त्या दिवशीही याचा ओलसर थर बोल्टच्या आट्यांत आणि विजेच्या जोडण्यांत काम करत राहतो. याच डोंगराळ राज्यांपैकी कोलोरॅडोसाठी झालेल्या तुलनेत हेच दिसले : बुडवण्याच्या चाचणीत साधे मीठ अधिक घातक ठरले, तर दमट हवेच्या चाचण्यांत मॅग्नेशियम क्लोराइड. निष्कर्ष चाचणीवर अवलंबून असताना धोरणकर्त्यांनी सोयीचीच चाचणी धरून ठेवली, असे म्हणण्यास जागा आहे.

याच बदलाची दुसरी बाजू दुचाकीस्वारांना अधिक जाणवली, पण तिची चर्चा कमी झाली. पूर्वी मीठ बर्फाबरोबर पडे, तेव्हा बहुतेक दुचाक्या आत उभ्या असत. द्राव मात्र बर्फ येण्यापूर्वी, कधी एक-दोन दिवस आधी, कोरड्या रस्त्यावर फवारतात; म्हणजे नेमक्या त्या स्वच्छ दिवशी, ज्या दिवशी हिवाळ्यातही माणूस गाडी बाहेर काढतो. रस्ता कोरडा दिसत असल्याने परतल्यावर गाडी धुण्याचे मनातही येत नाही.

पुढे साखरेच्या बीटापासून मिळणारी उपउत्पादने द्रावात मिसळून गंज वाढवणाऱ्या क्लोराइडचे प्रमाण घटवण्याचे प्रयत्न झाले, आणि मोटार उद्योगाने ओले-खारे-कोरडे असे फेरे असलेल्या चाचण्या स्वीकारल्या. परंतु त्यांतील नमुने बहुधा सपाट पत्र्याचे तुकडे असतात. स्टेनलेस बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्यामधल्या फटीत साचलेल्या द्रावाचे काय होते, हे त्यांतून कळत नाही.