हाडं दुखत नाहीत, मग महिन्याची गोळी थांबवावी का?

"हाडं दुखत नाहीत म्हणजे मजबूत आहेत, महिन्याची गोळी बंद करा" असा निरोप वर्षानुवर्षं फिरतो आहे. ही गोळी म्हणजे हाडांच्या ठिसूळपणावर महिन्यातून एकदा घ्यायचं औषध. तो पटतो, कारण एरवी दुखणं हीच आजाराची खूण असते. पण हाडांचा ठिसूळपणा मुका असतो. मनगट, मणका किंवा खुबा मोडेपर्यंत बहुधा काहीच जाणवत नाही. म्हणून तो मोजावा लागतो.

मोजायचा डेक्सा तपासणीने (क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणारी), खुब्यावर आणि कंबरेच्या मणक्यांवर. अहवालात टी-स्कोअर शोधा, म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत तुमची घनता किती हे सांगणारा आकडा: उणे 2.5 किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजेच हा ठिसूळपणा. पुढची तपासणी साधारण एक-दोन वर्षांनी, शक्यतो त्याच यंत्रावर. यंत्र बदललं की आकडे नीट जुळत नाहीत. आकडा वाढला नाही म्हणून निराश होऊ नका, झीज थांबली हेही औषधाचंच यश.

गोळी मात्र अगदी नेमाने घ्यायची. महिन्याची 150 मिलिग्रॅमची आयबॅन्ड्रोनेट गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर; नंतर तासभर आडवं व्हायचं नाही, चहा नाही, कॅल्शियमही नाही. मुळात तिचा एक टक्काही अंगी लागत नाही, खाण्यापिण्यासोबत तर आणखी कमी. काही वर्षांनी डॉक्टर स्वतःच ती थांबवू शकतात, पण अहवाल आणि हाड मोडण्याचा धोका पाहून.