बारीक बाईला हृदयविकार होत नाही?

‘अंगाने बारीक बाईला हृदयविकाराची भीती नाही,’ असं वर्षानुवर्षं फिरतंय. वाटणं साहजिक आहे. वजन वाढलं की धोका वाढतो, हे खरंच. पण चरबी कुठे साठलीय, ते काटा सांगत नाही. पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी रक्तदाब आणि साखर बिघडवते. पाळी गेल्यावर ती तिथेच जास्त साठते, कधी वजन तेवढंच राहूनही.

शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, उघड्या अंगावर, श्वास सोडून पोटाचा घेर मोजा. परकराच्या नाडीवर नको. ती बहुधा खाली असते, माप चुकतं. भारतीय स्त्रीसाठी ८० सेंटिमीटरपासून पुढे धोका धरतात. माप कमी आलं तरी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासायचंच; तंबाखूची मिश्री लावणाऱ्या बारीक बाईने तर नक्कीच.